वायफाय दिसत नाही : लिनक्स लॅपटॉपला विचारायचे पाच प्रश्न

मागच्या व्याख्यानात आपण जुन्या लॅपटॉपवर लिनक्स कसं बसवायचं ते पाहिलं. त्यानंतर सर्वांत जास्त प्रश्न आले ते एकाच गोष्टीवर. सगळं बसलं, पडदा सुंदर दिसतो, आवाज येतो, मराठी टाइप होतं. पण कोपऱ्यात वायफायचं चिन्हच नाही. किंवा चिन्ह आहे, पण एकही नेटवर्क दिसत नाही. आज फक्त तेवढ्याबद्दल बोलू.

हा विषय छोटा वाटतो, पण त्यावर बरंच काही अवलंबून आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं आणि ठरावीक यादीतला प्रोसेसर लागतो. इंटेलच्या बाबतीत साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. त्यामुळे २०१३ ते २०१७ च्या दरम्यान घेतलेले कितीतरी धडधाकट लॅपटॉप एकदम 'जुने' ठरले. त्यांच्यावर लिनक्स छान चालतं. पण वायफाय लागलं नाही तर घरातली मंडळी दोन दिवस वाट पाहतात आणि तिसऱ्या दिवशी 'लिनक्स आपल्यासाठी नाही' म्हणून लॅपटॉप माळ्यावर टाकतात. नंतर तो भंगारात जातो. ज्या मुलीला त्यावर अभ्यास करता आला असता, तिचा लॅपटॉप एका लहानशा कार्डापायी जातो. म्हणून हे नीट समजून घेऊ.

आधी निदान, मग औषध

अशा वेळी आपण सगळेच काय करतो? मोबाइलवर शोधतो, कुणीतरी लिहिलेल्या दहा कमांड दिसतात, त्या एकामागून एक टाकतो. नाही चालल्या तर दुसरीकडच्या दहा. यातली अडचण अशी, की त्या कमांड दुसऱ्या कुणाच्या तरी कार्डासाठी असतात. त्यातली एखादी आपल्या मशीनमध्ये 'हा ड्रायव्हर कधीच चालू करू नकोस' अशी नोंद करून जाते, आणि पुढे योग्य उपाय केला तरी तो लागू पडत नाही. मूळ दुखणं एक होतं, आता दोन झाली.

घरातला दिवा लागत नसेल तर वायरमन काय करतो? लगेच भिंत फोडत नाही. बटण पाहतो, फ्यूज पाहतो, होल्डर पाहतो, बल्ब बदलून पाहतो. वायफायचंही तसंच आहे. ती पाच कड्यांची साखळी आहे: बटण, कार्ड, ड्रायव्हर, फर्मवेअर आणि शेवटी जोडणी. कुठली कडी तुटली ते मशीन स्वतः सांगतं. आपण फक्त योग्य प्रश्न विचारायचे.

एक सूचना. कमांड आम्ही इथे उच्चारून सांगतो आहोत. टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी लहान अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करायच्या. जिथे अक्षरांमध्ये आडवी रेघ दिली आहे ती फक्त वाचण्याच्या सोयीसाठी. जिथे खरंच रेघ टाइप करायची आहे तिथे आम्ही 'उणे चिन्ह' असं सांगू.

सुरुवातीला तात्पुरतं नेट

दुरुस्तीसाठी पॅकेज उतरवायचं तर नेट हवं, आणि नेटसाठीच तर दुरुस्ती! या पेचातून मोबाइल सोडवतो. अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या केबलनं लॅपटॉपला जोडा, फोनच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉटच्या पानावर 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. अर्ध्या मिनिटात लॅपटॉपला तारेनं जोडलेलं नेटवर्क मिळाल्यासारखं दिसेल. यासाठी लागणारा ड्रायव्हर कर्नलमध्येच असतो आणि त्याला वेगळं फर्मवेअर लागत नाही. फोन घरच्या वायफायवर असेल तर बहुतेक फोन तेच नेट केबलमधून पुढे देतात, म्हणजे मोबाइलचा डेटाही वाचतो. केबल मात्र फक्त चार्जिंगची नको, डेटा जाणारी हवी. पुष्कळजण इथेच अडतात.

पहिला प्रश्न : बटण बंद आहे का?

टर्मिनल उघडा आणि टाइप करा: आर-एफ-किल, जागा, लिस्ट. यादीत 'वायरलेस लॅन' अशी ओळ दिसली तर तिच्याखाली दोन गोष्टी पाहायच्या: सॉफ्ट ब्लॉक्ड आणि हार्ड ब्लॉक्ड. दोन्हींपुढे 'नो' हवं.

सॉफ्टपुढे 'येस' असेल तर सॉफ्टवेअरनं बंद केलंय. आर-एफ-किल, जागा, अनब्लॉक, जागा, वायफाय, एवढं टाकलं की सुटतं. हार्डपुढे 'येस' असेल तर कुठलीही कमांड उपयोगाची नाही. लॅपटॉपच्या कडेला एखादी सरकपट्टी असेल किंवा वरच्या ओळीत विमानाचं चित्र असलेली कळ असेल, ती दाबावी लागेल. काही मशीनमध्ये ती एफएन कळीबरोबर दाबायची असते.

आणि यादीत वायरलेस लॅनची ओळच नसेल तर? तर तोही एक निरोपच आहे. ही ओळ साधारणपणे ड्रायव्हर कार्डाला जोडला गेल्यावर उमटते. म्हणजे दोष बटणाच्या मागे, आत कुठेतरी आहे. पुढे चला.

दुसरा प्रश्न : कार्ड दिसतंय का आणि ते नेमकं कोणतं?

कमांड: एल-एस-पी-सी-आय, जागा, उणे चिन्ह, एन-एन-के. मशीनच्या आत जोडलेल्या भागांची यादी येते. त्यात 'नेटवर्क कंट्रोलर' किंवा 'वायरलेस' हा शब्द असलेली नोंद शोधा. नोंदीच्या शेवटी चौकटी कंसात चार-चार अक्षरांच्या दोन जोड्या असतात, मध्ये विसर्गासारखी दोन टिंबं. हा त्या कार्डाचा आधार क्रमांक समजा. पहिली जोडी कंपनीची, दुसरी त्या नेमक्या चिपची. ८०८६ म्हणजे इंटेल, १०ईसी म्हणजे रियलटेक, १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम, १६८सी म्हणजे अथेरॉस, १४सी३ म्हणजे मीडियाटेक.

हा क्रमांक वहीत लिहून ठेवा. लॅपटॉपच्या मॉडेलवरून उपाय शोधू नका. एकाच मॉडेलमध्ये कंपनी वेगवेगळ्या खेपेला वेगवेगळी कार्डं बसवते. क्रमांकावरून शोधलं तर उत्तर आपल्या कार्डाचंच सापडतं.

यादीत कार्ड दिसलंच नाही तर एल-एस-यू-एस-बी ही कमांड देऊन पाहा, कारण काही कार्डं आतून यूएसबीला जोडलेली असतात. तिथंही नसेल तर बायोसमध्ये वायरलेस बंद केलंय का ते बघा. नाहीतर कार्ड खाचेत सैल झालेलं असू शकतं. इथे लिनक्सचा दोष नाही, स्क्रू-ड्रायव्हरचं काम आहे.

तिसरा प्रश्न : ड्रायव्हर लागला आहे का?

त्याच नोंदीखाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' अशी ओळ आहे का पाहा. असेल तर ड्रायव्हर लागलाय, चौथ्या प्रश्नाकडे जा. नसेल तर कारणं मुख्यतः तीन.

पहिलं कारण, कर्नल कार्डापेक्षा जुना. लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर कर्नलच्या आतच येतात, आणि प्रत्येक चिपचा पाठिंबा कुठल्यातरी ठरावीक आवृत्तीपासून सुरू होतो. रियलटेकची ८८२१सीई ही स्वस्त लॅपटॉपमधली नेहमीची चिप घ्या. तिचा ड्रायव्हर कर्नलमध्ये आला तो ५.९ या आवृत्तीत, २०२० च्या अखेरीस. त्याआधीच्या कर्नलवर तिच्यासाठी बाहेरून ड्रायव्हर आणून बसवावा लागे. त्या काळात लिहिलेल्या सूचना अजूनही सगळीकडे सापडतात, आणि लोक आज नव्या कर्नलवरही तो जुना ड्रायव्हर बसवतात. आपला कर्नल कोणता हे कळायला यू-नेम, जागा, उणे चिन्ह, आर. तो जुना असेल तर सर्वांत साधा उपाय म्हणजे आपल्या डिस्ट्रोची नवी आवृत्ती घेणं.

दुसरं कारण, एखादा आधीचा उपाय ड्रायव्हरला काळ्या यादीत टाकून गेलाय. ईटीसी या फोल्डरमध्ये मॉडप्रोब-डॉट-डी नावाचा फोल्डर असतो. त्यातल्या फाइली उघडून 'ब्लॅकलिस्ट' या शब्दापुढे आपल्या ड्रायव्हरचं नाव आहे का बघा.

तिसरं कारण, ड्रायव्हर कर्नलमध्ये नाहीच. याचं ठळक उदाहरण म्हणजे ब्रॉडकॉमची बीसीएम४३१४२ ही चिप, क्रमांक १४ई४ आणि ४३६५. भंगारात जायच्या वाटेवर असलेल्या त्या वयाच्या लॅपटॉपमध्ये ती बऱ्याचदा सापडते, म्हणून तिच्यापाशी जरा थांबू.

ब्रॉडकॉमची गोष्ट

ब्रॉडकॉमनं अनेक वर्षं आपल्या वायफाय चिप आतून कशा चालतात याची माहिती लिनक्सच्या लोकांना दिली नव्हती. मग काही स्वयंसेवकांनी ती उलट्या बाजूनं शोधून काढली. एका गटानं कंपनीच्या ड्रायव्हरचं वागणं तपासून फक्त वर्णन लिहायचं. दुसऱ्या गटानं तो ड्रायव्हर न पाहता, केवळ वर्णन वाचून नवा कोड लिहायचा. नक्कल केल्याचा आरोप येऊ नये म्हणून ही शिस्त. त्यातून आलेला ड्रायव्हर २००६ मध्ये कर्नलमध्ये आला आणि पुढे बी४३ या नावानं रुळला. २०१० मध्ये खुद्द ब्रॉडकॉमनं काही नव्या चिपसाठी खुला ड्रायव्हर दिला.

पण ४३१४२ या दोन्हींत बसत नाही. तिला लागतो कंपनीचाच बंदिस्त ड्रायव्हर, नाव फक्त दोन अक्षरी: डब्ल्यू-एल. उबुंटूत तो 'अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्स' मध्ये आणि मिंटमध्ये 'ड्रायव्हर मॅनेजर' मध्ये दिसतो. डेबियनमध्ये पॅकेजचं नाव आहे ब्रॉडकॉम, उणे चिन्ह, एस-टी-ए, उणे चिन्ह, डी-के-एम-एस.

शेवटची चार अक्षरं महत्त्वाची. कंपनीनं या ड्रायव्हरची शेवटची आवृत्ती २०१५ मध्ये काढली. कर्नल मात्र दर दोन-अडीच महिन्यांनी नवा येतो. डीकेएमएस ही व्यवस्था दर नव्या कर्नलसाठी तो ड्रायव्हर आपल्या मशीनवर पुन्हा बांधून घेते. त्यासाठी कर्नलच्या 'हेडर' फाइली हव्यात. त्या नसल्या तर बांधणी फसते आणि 'काल चालत होतं, आज अपडेट केलं आणि गेलं' अशी तक्रार येते. अशा वेळी डी-के-एम-एस, जागा, स्टेटस ही कमांड द्या. ज्या कर्नलवर आपण आहोत त्याच्यापुढे 'इन्स्टॉल्ड' दिसत नसेल तर हेडरचं पॅकेज बसवायचं आणि ड्रायव्हरचं पॅकेज पुन्हा बसवायचं. घाईत काम असेल तर मशीन सुरू होताना मेनूतून आधीचा कर्नल निवडा. तो मशीनवर ठेवलेला असतो तो याचसाठी.

अजून एक अडथळा म्हणजे सिक्युअर बूट. हा चालू असेल तर सही नसलेला ड्रायव्हर कर्नल आत घेत नाही. उबुंटूसारखे डिस्ट्रो बसवताना एक पासवर्ड मागतात आणि पुढच्या वेळी मशीन सुरू होताना निळा पडदा येतो. त्यावर 'एनरोल एमओके' निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. तो पडदा थोडा वेळच थांबतो. आपण चहा आणायला गेलो की निघून जातो, आणि सगळं करूनही वायफाय बंदच. सिक्युअर बूट बंद करणं हा दुसरा मार्ग आहे, पण त्याच मशीनवर विंडोजही असेल तर थांबा. बिटलॉकर चालू असल्यास विंडोज पुढच्या वेळी रिकव्हरी की मागू शकतं. ती हाताशी असल्याशिवाय त्या सेटिंगला हात लावू नका.

चौथा प्रश्न : फर्मवेअर मिळालं का?

ड्रायव्हर आणि फर्मवेअर यांत गल्लत होते. ड्रायव्हर हा आपल्या प्रोसेसरवर चालतो. फर्मवेअर हा कार्डावरच्या छोट्या प्रोसेसरवर चालणारा प्रोग्रॅम. बहुतेक कार्डांना तो कायमचा साठवून ठेवायची सोय नसते. मशीन सुरू झालं की ड्रायव्हर तो डिस्कवरून उचलून कार्डाला देतो. ड्रायव्हर आला पण डिस्कवर ही फाइलच नसली, तर कार्ड नुसतं बसून राहतं.

हे कळायला सुडो, जागा, डी-एम-ई-एस-जी. लांबलचक मजकूर येईल, त्यात 'फर्मवेअर' हा शब्द शोधा. 'फेल्ड विथ एरर उणे २' असं दिसलं तर त्याचा अर्थ 'फाइल सापडली नाही'. पण दचकू नका. इंटेलचा ड्रायव्हर नव्यातली नवी फाइल आधी मागतो, ती नसेल तर तिच्या आधीची, मग त्याआधीची. त्यामुळे अशा दोन-चार ओळी आणि त्यानंतर 'लोडेड फर्मवेअर व्हर्जन' ही ओळ दिसली, तर काही बिघडलेलं नाही. शेवटची ओळ नसेल तरच काळजी.

उपाय पॅकेजचा. उबुंटूत लिनक्स-फर्मवेअर या पॅकेजमध्ये जवळपास सगळं येतं. डेबियनमध्ये इंटेल, रियलटेक, अथेरॉस यांची पॅकेजं वेगवेगळी आहेत. या फाइलींचा स्रोत खुला नसल्यामुळे डेबियननं त्या आपल्या मुख्य भांडारात कधी ठेवल्या नाहीत, आणि अनेक वर्षं अधिकृत इन्स्टॉलरमध्येही दिल्या नाहीत. २०२२ मध्ये त्यांच्या सभासदांनी यावर मतदान केलं. वापरणाऱ्याचं मशीन चालणं आणि तत्त्व, या दोहोंचा मेळ कसा घालायचा हा तिढा होता. निर्णय असा झाला, की फर्मवेअर इन्स्टॉलरमध्ये द्यायचं, पण वेगळ्या नावाच्या कप्प्यात, म्हणजे काय खुलं आणि काय बंद हे लपणार नाही. जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून हे लागू आहे. त्याआधीची डेबियन असेल तर हा त्रास तुम्हाला हमखास होईल.

विंडोज आणि लिनक्स एकत्र असलेल्या मशीनवर एक गंमत होते. विंडोजचं 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर शटडाऊन केलं तरी ते पूर्ण बंद होत नाही आणि कार्ड अर्धवट अवस्थेत राहतं. मग लिनक्समध्ये आल्यावर फर्मवेअर चढत नाही. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये ते बंद करा आणि मशीन एकदा पूर्ण बंद करून सुरू करा.

पाचवा प्रश्न : लागतंय, पण टिकत का नाही?

नेटवर्क दिसतं, जोडलं जातं, पण दर थोड्या वेळानं तुटतं. इथे बऱ्याचदा वीजबचत आडवी येते. नेटवर्क मॅनेजरच्या सेटिंगच्या फोल्डरमध्ये, म्हणजे ईटीसीमधल्या नेटवर्कमॅनेजर फोल्डरातल्या कॉन्फ-डॉट-डी मध्ये, उबुंटूत 'पॉवरसेव्ह' नावाची फाइल असते. तिथे वायफाय-पॉवरसेव्हची किंमत ३ असते, म्हणजे बचत चालू. ती २ करा आणि रीबूट करा. बॅटरी किंचित लवकर उतरेल, पण ऑनलाइन तास मध्येच तुटणार नाही.

आणि राउटरशेजारी बसलं तरच सिग्नल येत असेल तर? रियलटेकच्या ८७२३बीई चिपची ही ओळखीची तऱ्हा आहे. काही लॅपटॉपमध्ये तिला दोनऐवजी एकच अँटेना जोडलेला असतो आणि ड्रायव्हर नेमका रिकाम्या टोकाकडे ऐकत बसतो. मॉडप्रोब-डॉट-डी मध्ये नवी फाइल करून, तिचं नाव डॉट-कॉन्फनं संपवून, एकच ओळ लिहायची: ऑप्शन्स, जागा, आरटीएल८७२३बीई, जागा, ए-एन-टी अंडरस्कोअर एस-ई-एल बरोबर २. फरक पडला नाही तर २ च्या जागी १.

थांबायचं कुठे?

व्याख्यानानंतर एका काकांनी विचारलं, 'एवढं करून नाही झालं तर?' योग्य प्रश्न आहे. तेव्हा कार्ड बदलावं किंवा यूएसबी डोंगल घ्यावा. डोंगल घेताना खोक्यावरचं नाव न बघता आतली चिप विचारा. एकाच नावाखाली दुसऱ्या खेपेला दुसरी चिप येते. मीडियाटेकच्या एमटी७६१२यू चिपचा ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे. अथेरॉसची एआर९२७१ जुनी आहे, फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालते, पण तिचं फर्मवेअरसुद्धा खुलं आहे. आतलं कार्ड बदलणार असाल तर दोन गोष्टी तपासा. काही लॅपटॉपचे बायोस ठरावीकच कार्डं स्वीकारतात. शिवाय इंटेलचं एएक्स२०१ हे कार्ड फक्त इंटेलच्या जुळणाऱ्या मशीनवरच चालतं. एएक्स२०० ला ती अट नाही.

शेवटी एक विनंती. वायफाय लागलं की वही मिटू नका. कार्डाचा क्रमांक, कर्नलची आवृत्ती, कुठली कडी तुटली होती आणि कशानं जुळली, या चार ओळी लिहा. सहा महिन्यांनी अपडेटनंतर तुम्हालाच त्या लागतील. आणि शेजारच्या कुणाचा लॅपटॉप माळ्यावर निघाला असेल, तर वही घेऊन आधी त्याच्याकडे जा.

पुढच्या वेळी आपण मराठी टंक आणि कीबोर्ड यांबद्दल बोलू.